हेरातच्या किताबखान्यातून एक अर्जदास्त

[पडद्यावर: फारसी मजकुराचा जुना कागद]

समुद्राला चांदी लावून झाली. आता अमीर खलील रंग भरायला घेतील.

हा मजकूर आहे एका अर्जदास्तीतला, म्हणजे धन्याला पाठवलेल्या कामाच्या लेखी अहवालातला. समुद्र अर्थात चित्रातला. गाव हेरात, आजच्या अफगाणिस्तानातलं. लिहिणारा जाफर तब्रिझी, शाहजादा बायसुंगुरच्या किताबखान्याचा प्रमुख. बायसुंगुर म्हणजे तैमूरलंगाचा नातू, शाहरुख आणि गौहरशाद यांचा मुलगा. कागदावर तारीख नाही. त्यात आलेल्या कामांवरून अभ्यासक तो १४२७ ते १४३० च्या दरम्यानचा धरतात.

नाव किताबखाना असलं, तरी इथे पुस्तकं नुसती ठेवत नसत, घडवत असत. आणि ती घडायची कागदापासून.

[पडद्यावर: कागद घोटणारे हात]

कागदाला आधी खळ लावायची. वाळला की गुळगुळीत दगडाने घोटायचा, पुन्हा पुन्हा, बोरू कुठे अडणार नाही असा. मग ओळी आखायच्या, त्याही शाईविना. पुठ्ठ्यावर ठरावीक अंतराने दोरे ताणून बसवलेले असत. याला म्हणतात मिस्तर. त्यावर कागद ठेवून बोटाने दाबत गेलं की दोऱ्यांचा वळ कागदावर उमटतो. लिहिणाऱ्याला तो दिसतो, वाचणाऱ्याच्या सहसा लक्षातही येत नाही.

बोरूचं टोक तिरकं छाटायचं, मधोमध चीर द्यायची. त्या टोकाने कागदावर एक ठिपका काढला की तेच सगळ्या अक्षरांचं माप. अलिफ हे उभं अक्षर किती ठिपक्यांचं, अक्षराची गोलाकार वाटी किती ठिपके रुंद, हे सगळं त्यावर ठरतं. म्हणून बोरू बदलला, अक्षर लहानमोठं झालं, तरी प्रमाण ढळत नाही. शाईत काजळी आणि डिंक, बऱ्याचदा मायफळही. जाफरचा हात ज्या वळणासाठी नावाजला गेला, ते नस्तालीक. त्यात शब्द उजवीकडून डावीकडे जाताना किंचित खाली उतरत येतात, आणि पुढचा शब्द पुन्हा वरून सुरू होतो. फारसी कवितेला हे वळण जसं शोभतं, तसं दुसरं कुठलंच शोभत नाही.

लिहिणारा आधी बसायचा, चित्रकार नंतर. चित्राची जागा कोरी सोडलेली असे. चित्राच्या आधी कुठली ओळ येणार, चौकट कुठे संपणार, हे बोरूवाल्याने आधीच ठरवून टाकलेलं असायचं.

[पडद्यावर: पुन्हा अर्जदास्त, ओळींवरून सावकाश]

आता जाफर काय कळवतोय ते ऐका. मौलाना अली शाहनाम्याच्या, म्हणजे फिरदौसीच्या महाकाव्याच्या, आरंभपानाची नक्षी आखताहेत, मधे काही दिवस त्यांचे डोळे दुखत होते. मौलाना किवामुद्दीन शाहनाम्याच्या बांधणीत गुंतले आहेत. ख्वाजा अब्दुर्रहीम नमुने काढून देताहेत. बांधणीवाल्यांना, नक्षीकारांना, शिवाय तंबू करणाऱ्यांना आणि रंगीत फरश्या घडवणाऱ्यांनाही! एका खोगिरावर शिंपल्याचं जडावकाम चालू आहे, त्याचाही हिशेब याच कागदात. म्हणजे पुस्तकाच्या पुठ्ठ्यावरची वेल आणि इमारतीच्या भिंतीवरची वेल एकाच हातातून निघू शकत होती. तैमुरी काळातलं सगळं काम एकमेकांच्या नात्यातलं का वाटतं, त्याचं उत्तर मला इथे सापडतं.

शाहजादा नुसता पैसे पुरवणारा नव्हता. बायसुंगुर स्वतः उत्तम सुलेखनकार. मशहदला आईने बांधवलेल्या मशिदीवर त्याने रेखलेला लेख आहे, १४१८ सालचा. पंचतंत्रातले करटक आणि दमनक फारसीत ‘कलीला व दिमना’ होऊन पोहोचले होते. त्यांच्या गोष्टींची देखणी प्रतही त्याने १४२९ मध्ये करवून घेतली. १४३३ मध्ये तो गेला, तेव्हा चाळिशीही गाठलेली नव्हती.

[पडद्यावर: ‘गुलिस्तान’चं पान]

जाफरच्या हातची, सादी या फारसी कवीच्या ‘गुलिस्तान’ ग्रंथाची १४२७ ची प्रत आज डब्लिनच्या चेस्टर बीटी संग्रहात आहे. चित्रातल्या पाण्याला लावलेली चांदी हवेने काळवंडते. त्यामुळे त्या काळच्या अशा चित्रांतलं पाणी आज अनेकदा करडं दिसतं. रंगवलं तेव्हा ते चकाकत होतं, हे मनात धरूनच ही पानं बघावीत.

शाहनामा पुरा झाला जानेवारी १४३० मध्ये. तो तेहरानच्या गुलिस्तान राजवाड्यात आहे, आणि २००७ मध्ये युनेस्कोने जागतिक स्मृतिवारशाच्या नोंदवहीत त्याचा समावेश केला. ग्रंथाच्या शेवटी नाव आहे ते जाफरचं. चित्रांवर सह्या नाहीत. म्हणूनच त्यामागची माणसं शोधणारे अभ्यासक इस्तंबूलला, तोपकापी राजवाड्याच्या संग्रहात जातात. तिथल्या एका चित्रसंग्रहाच्या पानांत जाफरची अर्जदास्त चिकटवलेली आहे, आणि अली, खलील, किवामुद्दीन, अब्दुर्रहीम ही नावं त्यांच्या त्यांच्या कामासकट तिथे वाचता येतात.