घाबरलात की अंगठा उचला

श्रोतेहो, नमस्कार.

सुट्टीत डोंगरात गेलेल्या माणसाला क्वाड बाईकची जाहिरात सहसा चुकत नाही. चार फुगीर टायर, मोटारसायकलचं हँडल, टांग टाकून बसायची सीट, आणि खाली लिहिलेलं असतं : गाईडसोबत दोन तासांची डोंगरसफर, पूर्वानुभवाची गरज नाही. हे शेवटचं वाक्य तसं खोटं नाही. गिअर टाकायचा, उजव्या अंगठ्याने थ्रॉटल, म्हणजे वेग वाढवायचा खटका, दाबायचा, की गाडी निघाली. पण चार चाकं दिसली की माणूस निर्धास्त होतो, आणि डोंगरातला सगळा घोटाळा तिथूनच सुरू होतो. तुम्हाला घाबरवायला मी आलेलो नाही. मला स्वतःला या सफरी मनापासून आवडतात. पायी जायला दिवस लागेल अशा धारेवर तासाभरात पोचायचं आणि वाटेत चिखलाने माखून घ्यायचं, यात मजा आहेच. फक्त ही गाडी काय चीज आहे, ते आधी समजून घेऊ.

तिचा उगम गमतीशीर आहे. हिवाळ्यात मोटारसायकली खपत नाहीत, तेव्हा विक्रेत्यांना दुकानात ठेवायला दुसरं काहीतरी हवं होतं. त्यातून होंडाने १९७० साली अमेरिकेच्या बाजारात यूएस ९० नावाची तीन चाकी गाडी आणली. तिला हादरे झेलणारं सस्पेन्शन नव्हतंच. कमी हवेचे फुग्यासारखे टायर हेच तिचं सस्पेन्शन. बर्फात, वाळूत, चिखलात ती मजेत चालायची, पण वळणावर तितक्याच मजेत कलंडायची. १९८२ मध्ये सुझुकीने क्वाडरनर ही चार चाकी आवृत्ती आणली. तीन चाकींचे अपघात इतके वाढले होते, की १९८८ मध्ये अमेरिकी सरकार आणि उत्पादक कंपन्या यांच्यात समझोता होऊन तिथे नव्या तीन चाकी गाड्यांची विक्री थांबली. चौथ्या चाकाने तोल सुधारला, यात वाद नाही. तरी जुना स्वभाव पुरता गेला नाही.

गाडी अरुंद असते, जमिनीपासून उंच असते, आणि वजन साधारण अडीचशे ते साडेतीनशे किलो. तिच्यावर तुम्ही बसता, म्हणजे गाडीच्या वजनाचा चौथा-पाचवा हिस्सा सगळ्यात वरच्या टोकाला जाऊन बसतो. तो हिस्सा कुठे झुकतो, यावर गाडीचा तोल ठरतो. मोटारीत तुम्ही डावीकडे बसा की उजवीकडे, तिला फरक पडत नाही. इथे तुम्ही पोत्यासारखे बसून राहिलात, तर पहिल्याच खडबडीत चढाला गाडी तुम्हाला तिची नापसंती कळवते.

माझं एक निरीक्षण आहे. ज्यांनी आयुष्यात काहीच चालवलेलं नाही, ते क्वाड लवकर शिकतात. मोटारवाला सीटला टेकून बसतो, कारण त्याला बसायची सवय. दुचाकीवाल्याचा घोटाळा वेगळा. गाडी जरा डुचमळली की त्याचा पाय आपोआप खाली जातो. दुचाकीवर हे बरोबर, पण क्वाडवर खाली टेकवलेल्या पायावर मागचं चाक चढतं. घोटा किंवा नडगी मोडायचा हा सोपा मार्ग आहे. म्हणून गाईड पुन्हा पुन्हा सांगतो, पाय फूटरेस्टवरच ठेवा, काहीही झालं तरी. दुचाकीवाल्याला दुसरा धक्का वळणावर बसतो. दुचाकी स्वतः आत झुकते, आपण तिच्याबरोबर झुकतो. क्वाड मात्र बाहेरच्या बाजूला कलते. तिथे अंगाचा वरचा भाग आतल्या बाजूला न्यायचा आणि पायाचा जोर बाहेरच्या फूटरेस्टवर द्यायचा, असं करावं लागतं. ऐकायला विचित्र वाटतं, करून पाहिलं की दहा मिनिटांत जमतं. अनेक गाड्यांत मागची दोन्ही चाकं एकाच अखंड ॲक्सलवर (चाकं जोडणाऱ्या दांड्यावर) असतात, म्हणजे दोन्ही एकाच वेगाने फिरतात. वळताना आतल्या चाकाला कमी अंतर कापायचं असतं, पण त्याला ती मुभा नसते. त्यामुळे हँडल वळवूनही गाडी नाकासमोर चालत राहते. नवख्याला वाटतं, स्टिअरिंग बिघडलं. बिघडलेलं काही नसतं, तुमचं अंग अजून कामाला लागलेलं नसतं, एवढंच.

आता अंगठ्याकडे येतो. मोटारसायकलला मुठीचा थ्रॉटल असतो, क्वाडला अंगठ्याने दाबायचा खटका. त्याला कारण आहे. या गाडीवर माणूस सारखा पुढेमागे सरकत असतो. मुठीचा थ्रॉटल असता, तर मागे सरकताना तो आपसूक पिळला गेला असता आणि नेमक्या नको त्या वेळी वेग वाढला असता. अंगठा उचलला की थ्रॉटल मिटतो, इंजिन शांत होतं, गाडी मंदावते. पण घाबरलेला माणूस काय करतो? हाताला लागेल ते घट्ट आवळतो. मूठ आवळली जाते, तिच्याबरोबर अंगठाही. गाडी झाडाकडे निघालेली असते आणि चालवणारा ब्रेकऐवजी जिवाच्या आकांताने थ्रॉटल दाबत असतो. म्हणून सपाट मैदानावर पहिल्या पाच-दहा मिनिटांत गाईड मुद्दाम ओरडून "अंगठा उचला!" म्हणत असेल आणि तुमच्याकडून ते चार-सहा वेळा करून घेत असेल, तर समजा की माणूस जाणता आहे. नवख्यांच्या गाडीला थ्रॉटलजवळ एक स्क्रू असतो, तो आवळला की अंगठा एका हद्दीपलीकडे दाबताच येत नाही. लाज वाटून घेऊ नका, स्वतःहून सांगा, माझी गाडी आवळून द्या. काही गाड्यांना दोरीचा स्विचही असतो. दोरीचं एक टोक मनगटाला, दुसरं गाडीला. तुम्ही पडलात की दोरी निसटते आणि इंजिन बंद. अशी दोरी दिली असेल, तर ती बांधायला विसरू नका.

चढाला लागताना सीटवर पुढे सरकायचं, छाती हँडलवर न्यायची, खालचा गिअर पायथ्याशीच टाकून घ्यायचा आणि एकसारखा थ्रॉटल देत राहायचं. मधेच हिसका दिला, तर पुढची चाकं हलकी होतात, आणि तीव्र चढावर गाडी मागच्या मागे तुमच्या अंगावर येऊ शकते. अर्ध्यातच गाडी अडली तर? इथे माणसं हमखास चुकतात. त्यांना तिथल्या तिथे आडवं वळून खाली यायचं असतं. ते करू नका. ब्रेक धरा, वजन चढाच्या बाजूला ठेवा, पार्किंग ब्रेक लावा आणि वरच्या बाजूने उतरून गाईडची वाट पाहा. गाडी मागे घरंगळायला लागली आणि तुम्ही फक्त मागचा ब्रेक खाडकन दाबलात, तरी ती उलटते. गाईड येईल, गाडी काढून देईल. त्याचं ते रोजचं काम आहे, आणि अशा वेळी तो तुम्हाला हसत नाही. हसला तर पुढच्या वेळी दुसरा गाईड पाहा.

उताराला उलटं. मागे सरकायचं, नजर लांब, गिअर खालचा आणि गाडी इंजिनच्या जोरावर हळूहळू उतरू द्यायची. न्यूट्रलला टाकून उतरणं म्हणजे इंजिनाचा फुकट मिळणारा ब्रेक सोडून देणं. मग सगळा भार ब्रेकवर येतो, चाकं जाम होतात, आणि सुट्या खडीवर जाम झालेलं चाक कुठे नेईल याचा भरवसा नसतो.

डोंगराच्या कुशीवरून आडवं जाणं मला या सगळ्यात अवघड वाटतं. एक बाजू खाली, एक वर. अंग वरच्या बाजूला झुकवायचं, हँडल हलक्या हाताने, वेग अगदी कमी. दिसायला हा भाग साधा असतो आणि फोटोही तिथेच सुंदर येतात, म्हणून माणसं तिथेच एक हात सोडतात. शहाणा गाईड नवख्यांना अशा तिरक्या उतारावर नेतच नाही, लांबचा वळसा घेतो. सफर छोटी झाली म्हणून कुरकुर करू नका.

गाडी अंगावर पडली तर काय होतं, हे ऑस्ट्रेलियातल्या शेतांवर लोकांनी पुरेसं पाहिलं. तिथे क्वाड हे शेतकामाचं वाहन. उलटलेल्या गाडीखाली माणूस दबून गुदमरतो, एकट्याने ती उचलता येत नाही. म्हणून तिथल्या सरकारने ११ ऑक्टोबर २०२१ पासून नियम केला, की शेतात वापरायच्या साध्या क्वाडला चालकाच्या मागे संरक्षक कमान बसवलेली असल्याशिवाय ती विकायची नाही. गाईडसोबतच्या सफरीचा खरा फायदा मला इथे दिसतो. काही झालं, तर गाडी उचलायला माणसं हजर असतात.

ही माणसं हजर राहावीत म्हणून तांडा नीट चालवावा लागतो. गाईड सगळ्यात पुढे, त्याच्या लगेच मागे सर्वांत कच्चा चालक. पुष्कळांना हे उलटं वाटतं, कच्च्याला मागे ठेवावं असं त्यांचं म्हणणं. पण मागे राहिलेला कच्चा माणूस पुढच्यांना गाठायच्या घाईत जोर करतो आणि घसरतो. पुढे असला की तांड्याचा वेगच त्याच्या बेताचा होतो. शेवटी दुसरा गाईड असेल तर उत्तम. दोन गाड्यांत एवढं अंतर हवं की पुढच्याची धूळ खाली बसलेली असेल. वाट फुटते तिथे थांबायचं आणि मागचा दिसल्याशिवाय हलायचं नाही. या एका नियमामुळे रस्ता चुकायचे बहुतेक प्रसंग टळतात.

मागे कुणाला बसवायचं असेल, तर गाडी दोघांसाठी बनवलेली आहे का ते विचारा. तशी गाडी लांब असते, मागच्याला टेकायला पाठ आणि धरायला कड्या असतात. एकट्याच्या गाडीवर दुसरा बसला की चालकाला मागेपुढे सरकायला जागा उरत नाही, आणि मघापासून मी जे काही सांगतोय ते सगळं निकामी होतं. लहान मुलाला पुढ्यात घेऊन चालवणं तर नकोच. सोळा वर्षांखालच्या मुलांच्या हाती मोठ्यांची क्वाड देऊ नये, असं उत्पादक गाडीवरच लिहितात. गाईडने ती पट्टी वाचून दाखवली आणि मुलाला नकार दिला, तर त्याच्यावर रागावू नका.

जमिनीचंही बघायला हवं. डोंगरावरचं गवत सावकाश वाढतं. ओल्या उतारावर एकदा चाकाची चाकोरी उमटली, की पुढच्या पावसाचं पाणी तिच्यातून वाहायला लागतं, माती नेतं, आणि दोन-चार मोसमांत तिथे घळ होते. म्हणून फ्रान्समध्ये १९९१ च्या कायद्याने निसर्गक्षेत्रात वाट सोडून मोटार वाहन नेता येत नाही, आणि आइसलँडमध्येही वाट सोडून गाडी घालणं बेकायदा आहे. गाईडला परवानगीच्या वाटा ठाऊक असतात, आणि तुम्ही त्यासाठीही पैसे मोजलेले असतात. ओढा लागला तर ठरलेल्या उताराने, सरळ आडवा, हळू पार करायचा. पाणी उडवत प्रवाहातून वर-खाली फिरणं व्हिडिओत छान दिसतं, काठाची आणि पाण्यातल्या जिवांची मात्र त्यात वाट लागते. गुरं, घोडे किंवा पायी चालणारे समोर आले तर बाजूला थांबायचं. घोडा असेल तर इंजिनही बंद करायचं.

सफर शक्यतो सकाळची घ्या. डोंगरात उन्हाळ्यात दुपारनंतर ढग जमतात, आणि उघड्या धारेवर विजांत सापडणं फार वाईट. उंचीवर हवा विरळ होते, दर तीनशे मीटरला इंजिनाची साधारण तीन टक्के ताकद जाते. गाडी सुस्त वाटली तर तिचा दोष नाही. तुम्हीही दमता, ते वेगळंच.

कपड्यांचं थोडक्यात : घोटा झाकणारे बूट, पूर्ण पँट, हातमोजे, गॉगल आणि डोक्यावर न हलणारं हेल्मेट. गळ्यात लोंबतं काही नको, ते चाकात किंवा ॲक्सलमध्ये गुंततं. अंगठा तासाभरात दुखायला लागतो, तेव्हा थांबायला सांगायची लाज नको. कंबरेचं दुखणं असेल किंवा गर्भारपण असेल, तर बाकीच्यांना जाऊ द्या आणि तुम्ही खाली निवांत बसा. दारू घेतलेल्याला गाडी द्यायचीच नाही, यावर चर्चा नाही.

निघण्यापूर्वी एक कागद सही करायला पुढे येतो. तो वाचा. गाडीचं नुकसान झालं तर किती भरायचं, आणि तुम्हाला लागलं तर जबाबदारी कुणाची, हे त्यात असतं. प्रवास विम्याच्या बऱ्याच पॉलिसींत क्वाड बाईक वगळलेली असते किंवा जादा हप्ता भरूनच मिळते, तेव्हा पॉलिसीही घरूनच वाचून निघा. आणि सही केल्यावर, इंजिन सुरू करायच्या आधी, आपल्या गाडीचे दोन्ही ब्रेक दाबून पाहा, थ्रॉटल दाबून सोडा आणि तो झटकन मागे येतो का बघा. अडकत असेल, तर दुसरी गाडी मागून घ्या. नमस्कार.