सेंट पॅट्रिक्स डे ऑनलाइन साजरा करायचाय? मग नुसतं बघत बसू नका

[कॅमेऱ्यासमोर. टेबलावर मैदा, ताक, मीठ, खाण्याचा सोडा आणि एक मोठं पातेलं.]

नमस्कार मंडळी!

१७ मार्च २०२०. आयर्लंडचा राष्ट्रीय सण, सेंट पॅट्रिक्स डे, आणि कोरोनाच्या साथीमुळे राजधानी डब्लिनचे रस्ते रिकामे. सरकारने मिरवणुका ९ मार्चलाच रद्द केल्या होत्या. १२ तारखेला शाळा बंद झाल्या, १५ ला पब. आणि सणाच्या रात्री देशाचे पंतप्रधान टीव्हीवर लोकांशी बोलायला आले. त्यांचं नाव लिओ वराडकर.

हो, वराडकर. मालवण तालुक्यातल्या वराड गावचं हे घराणं. वडील डॉक्टर अशोक वराडकर मुंबईहून इंग्लंडला गेले. आई मिरियम आयर्लंडमधल्या डंगार्वनची, पेशाने परिचारिका. डिसेंबर २०१९ मध्ये, म्हणजे या भाषणाच्या जेमतेम तीन महिने आधी, लिओ कुटुंबासह वराडला येऊन गेले होते. स्वतःही डॉक्टर. त्या रात्री त्यांनी सांगितलं की माझा जोडीदार, माझ्या दोन्ही बहिणी, त्यांचे नवरे, सगळे आरोग्यसेवेत काम करताहेत. आणखी एक गोष्ट ते बोलले. आजची मुलं पुढे आपल्या मुलानातवंडांना सांगतील, की एका वर्षी ना मिरवणूक निघाली ना पार्टी झाली, सगळे एकमेकांना जपायला घरात थांबले होते.

पण त्या दिवशी मिरवणुका निघाल्या! आरटीई या तिथल्या सरकारी वाहिनीने लोकांना आवाहन केलं होतं: तुमची मिरवणूक तुमच्या घरी काढा, व्हिडिओ करा आणि आम्हाला पाठवा. लोकांनी मनापासून पाठवले. अंगणात, दिवाणखान्यात, गल्लीत. हिरवे कपडे घातलेली मुलं पुढे, घरातली कुत्री मागे. एरवी लाखो लोक फुटपाथवर उभं राहून मिरवणूक बघतात. त्या वर्षी बघणारेच मिरवणुकीत होते. आजचा सगळा व्हिडिओ मी या एका गोष्टीसाठी करतेय.

कारण अनेकांना वाटतं की ऑनलाइन सण म्हणजे खऱ्या सणाची दुय्यम प्रत. लांब आहोत, जाता येत नाही, म्हणून स्क्रीनवर भागवायचं. या सणाच्या बाबतीत मला ते अजिबात मान्य नाही. कारण त्याची मिरवणूक लांब राहणाऱ्यांनीच सुरू केली आहे.

[स्क्रीनवर: अटलांटिकच्या दोन्ही किनाऱ्यांचा नकाशा]

सेंट पॅट्रिकच्या नावाची सर्वांत जुनी नोंद असलेली मिरवणूक डब्लिनची नाही. ती आहे १६०१ सालची, फ्लोरिडातल्या सेंट ऑगस्टिन गावातली. तेव्हा ती स्पेनची वसाहत होती, आणि तिथला एक धर्मगुरू मूळचा आयरिश होता. इतिहासकारांना हे कळलं ते स्पॅनिश दफ्तरातल्या दारूगोळ्याच्या हिशेबावरून. तोफा उडवल्या, त्यात बारूद किती खर्ची पडली, याची ती नोंद. पुढे १७३७ मध्ये बॉस्टनच्या आयरिश मंडळींनी आपल्या गरजू बांधवांना मदत करण्यासाठी चॅरिटेबल आयरिश सोसायटी काढली आणि हा दिवस साजरा केला. १७६२ मध्ये न्यूयॉर्कची मिरवणूक सुरू झाली, तिच्यात ब्रिटिश सैन्यातले आयरिश शिपाई होते. मग १८४५ ते १८५२ चा भीषण दुष्काळ आला. बटाट्याचं पीक रोगाने गेलं, सुमारे दहा लाख माणसं मेली आणि किमान तितकीच देश सोडून गेली. अमेरिकेतल्या मिरवणुकांमागे त्यानंतर केवढी माणसं उभी राहिली असतील आणि ती कोणत्या मनाने चालली असतील, याची कल्पना करा. ज्यांना नव्या शहरात कुणी दारात उभं करत नव्हतं, ते वर्षातून एकदा भर रस्त्यातून ताठ मानेने जायचे.

आणि मायदेशी काय होतं? चर्चमध्ये जायचं, कोटाला शॅमरॉक या तीन पानी रोपट्याची जुडी लावायची, घरच्यांसोबत जेवायचं. सार्वजनिक सुट्टीच मुळी १९०३ च्या कायद्याने मिळाली. डब्लिनमध्ये सरकारी मिरवणूक १९३१ पासून. १९२० च्या दशकापासून १९६० च्या दशकाच्या सुरुवातीपर्यंत तर या दिवशी पब कायद्यानेच बंद असायचे! आज जो कित्येक दिवस चालणारा डब्लिनचा महोत्सव आपण बघतो, तो १९९६ मध्ये सुरू झाला.

खुद्द पॅट्रिकही आयर्लंडचा नव्हता. पाचव्या शतकातला, रोमन ब्रिटनमधला मुलगा. सोळाव्या वर्षी चाच्यांनी पळवून आयर्लंडला नेला, सहा वर्षं गुलाम म्हणून जनावरं राखली, मग निसटून घरी पोचला. त्याने स्वतः लिहून ठेवलंय की पुढे स्वप्नात त्याला पत्रं आली आणि आयर्लंडच्या लोकांचे आवाज ऐकू आले: ये, पुन्हा आमच्यात वावर. आणि तो परत गेला. साप हाकलल्याची गोष्ट मात्र दंतकथा आहे. हिमयुगानंतर त्या बेटावर साप पोचलेच नाहीत.

तर आता कामाला लागू. तुमच्या गटात कोणी पुण्यात, कोणी आयर्लंडमधल्या गॉलवेत, कोणी न्यू जर्सीत असेल, तर १७ मार्चला भेटायचं कसं?

आधी वेळ, कारण इथे हमखास घोळ होतो. अमेरिकेत घड्याळं मार्चच्या दुसऱ्या रविवारी पुढे जातात, आयर्लंडमध्ये शेवटच्या रविवारी. त्यामुळे एरवी डब्लिन आणि न्यूयॉर्क यांच्यात पाच तासांचं अंतर असतं, पण १७ मार्चला चारच तासांचं. डब्लिनचे दुपारचे दोन धरा: न्यूयॉर्कला सकाळचे दहा, भारतात संध्याकाळचे साडेसात. तिघांनाही जमेल अशी वेळ.

आणि पहिली पाच मिनिटं झाली की प्रत्येकाच्या हाताला काम द्या. नुसत्या गप्पा ठेवल्यात तर दोघं बोलतात आणि बाकीचे कॅमेरा बंद करून निघून जातात. म्हणून मी हे पातेलं घेऊन बसलेय. आपण सोडा ब्रेड करू.

[वरून शॉट: पातेलं]

४५० ग्रॅम मैदा, एक सपाट चहाचा चमचा खाण्याचा सोडा, एक चमचा मीठ. चाळून घ्या. सोड्याची गुठळी राहिली तर तो घास कडू लागतो. यात ३५० ते ४०० मिलिलीटर ताक. आपलं जेवणानंतरचं पातळ ताक चालणार नाही. आंबटसर दह्यात थोडंच पाणी घालून घुसळा. यीस्ट नाही, पीठ फुगायची वाट बघणं नाही. ताकातलं आम्ल आणि सोडा भेटले की लगेच वायू सुटायला लागतो, म्हणून इथे रेंगाळायचं नाही. हाताने जेमतेम गोळा करायचा. मळलंत की ब्रेड चिवट झालाच म्हणून समजा.

आयर्लंडमध्ये हा ब्रेड इतका का रुजला? तिथल्या थंड, ओल्या हवेतला गहू मऊ असतो, ग्लुटेन कमी, यीस्टच्या ब्रेडला तो तितकासा साथ देत नाही. १८३०-४० च्या दशकांत सोडा स्वस्तात मिळू लागला, ताक लोणी काढल्यावर घरात असायचंच, आणि ज्यांच्याकडे भट्टी नव्हती त्यांनी लोखंडी भांड्यात, झाकणावर निखारे ठेवून तो भाजला. गरिबाघरची भाकर आहे ही. म्हणूनच हिरव्या रंगाच्या बिअरपेक्षा मला या दिवशी ती जवळची वाटते.

गोल आकार द्या आणि वर सुरीने खोल फुली मारा. त्यामुळे मधलं पीठ नीट भाजतं. तिथली वडीलधारी मंडळी म्हणतात, फुलीतून परी बाहेर पडते. मुलं असतील तर त्यांना हे जरूर सांगा. ओव्हन २२० अंशांवर १५ मिनिटं, मग २०० वर साधारण २५ ते ३०. तळाला टिचकी मारल्यावर पोकळ आवाज आला की झाला.

तोवर पाऊण तास हातात आहे. तो संगीताचा.

[फ्रेम बदल: खुर्चीवर]

आयरिश पारंपरिक संगीताची बैठक, तिथे तिला सेशन म्हणतात, म्हणजे व्हायोलिन, टिन व्हिसल, बोहरान हा हातात धरायचा चामड्याचा डफ, आणि गोल बसलेले लोक. एक धून दोन-तीनदा वाजवून न थांबता पुढच्या धुनेत शिरायचं. सूर मनात पाठ, कागद समोर नाही. जिग नावाचा प्रकार सहा मात्रांच्या चालीचा असतो, दादऱ्याची सवय असलेल्या कानाला तो लगेच सापडतो.

पण व्हिडिओ कॉलवर सगळे एकत्र वाजवायला गेलात की गोंधळ होतो. आवाज तुमच्याकडून माझ्याकडे यायला वेळ लागतो, अंतर आणि नेट यांनुसार सेकंदाच्या दहाव्या भागापासून त्याहून जास्त. जलद तालात तेवढ्याने ताल फाटतो, आणि उशीर सावरायला जो तो संथ होत जातो. यावर साथीच्या काळात वादकांनी सोपा उपाय रूढ केला: एकाने वाजवायचं, बाकीच्यांनी आपला माइक बंद करून त्याच्यासोबत वाजवायचं. प्रत्येकाला फक्त आपण आणि तो एकटा ऐकू येतो, तरी स्क्रीनवर व्हायोलिनचे दहा गज एकाच वेळी हलताना दिसतात. मग पुढची धून दुसऱ्याची. ज्याला वाजवता येत नाही त्याने पायाने ठेका धरावा, गाता येत असेल तर गावं. या पद्धतीत कुणीही श्रोता म्हणून एका बाजूला राहत नाही.

मध्येच एकाला आयरिशमधून शुभेच्छा द्यायला सांगा: लॉ एले पॉड्रिग सोना दीव. १ ते १७ मार्च तिथे आयरिश भाषेचा उत्सव असतो, त्यामुळे अडखळत बोललेलंही लोकांना फार आवडतं. अडखळलात तरी बोला.

आणि काही गोष्टी सांभाळा. आपण चार पानांचं क्लोव्हर दाखवतो, पण त्यांचं शॅमरॉक तीन पानांचं आहे. संताचं लाडकं नाव पॅडी, 'पॅटी' ऐकलं की आयरिश माणसाला टोचतं. तसंच लाल दाढीचा दारुडा बुटका हे सोंग गटातल्या आयरिश मित्रांसमोर आणू नका. तो त्यांची टिंगल करण्यासाठी दीडशे वर्षं वापरला गेलेला साचा आहे. जेवणही ठरवणार असाल तर तिकडचं घरगुती ताट बेकन आणि कोबीचं असतं. कॉर्न्ड बीफची प्रथा अमेरिकेत गेलेल्यांनी, न्यूयॉर्कमध्ये शेजारच्या ज्यू खाटकांकडून मांस घेत घेत, पाडली. दोन्ही ताटं खरीच सणाची आहेत. शाकाहारी असाल तर लोणी लावलेला हा ब्रेड आणि बटाट्याचं गरम सूप पुरेसं आहे.

एक राहिलं. सिडनीत कोणी असेल तर आपल्या कॉलच्या वेळेला तिथे रात्रीचा एक वाजलेला असेल, तारीख १८ मार्च. त्यांना या कॉलमध्ये ओढू नका. त्यांचा १७ मार्च डब्लिनच्या अकरा तास आधी उजाडतो. त्यांना आदल्या दिवशीच सांगा, सकाळी तुमच्या अंगणातून किंवा गॅलरीतून दोन मिनिटांची मिरवणूक काढा, व्हिडिओ पाठवा. आपण कॉलची सुरुवात त्यानेच करू, आणि पीठ त्यानंतर चाळायला घेऊ.