कान्हेरीचा उतार आणि मुलांचे ब्रेक

नमस्कार श्रोतेहो,

ठाणेकरांच्या उशाशीच येऊरचा डोंगर आहे. पण मुलाबाळांसह सायकलवरून राष्ट्रीय उद्यान पाहायचं, तर डोंगरापलीकडे बोरिवलीला जावं. संजय गांधी राष्ट्रीय उद्यान एकच, जवळपास 104 चौरस किलोमीटरचं, ठाणे आणि मुंबई उपनगर अशा दोन जिल्ह्यांत पसरलेलं. मुलांना झेपेल असा डांबरी रस्ता मात्र बोरिवलीच्या दरवाजापासून कान्हेरी लेण्यांकडे जातो. घोडबंदर रोडने मुलांना सायकलवर कृपा करून नेऊ नका, तिथल्या अवजड वाहनांत त्यांचं काम नाही. सायकली गाडीवर बांधून न्या, नाहीतर दरवाजाजवळ भाड्याने घ्या. सोमवारी उद्यान बंद असतं.

दरवाजापासून लेणी 6 ते 7 किलोमीटर. बराचसा रस्ता झाडांच्या सावलीतला, शेवटचा टप्पा खडा. आईबाबांना धास्ती असते ती या चढाची. पण चढावर दम लागला तर मूल उतरून सायकल ढकलतं, बिघडत काहीच नाही. काळजी करायची ती परतीच्या उताराची.

म्हणून निघण्यापूर्वी मुलाची बोटं बघा. त्याला सीटवर बसवा आणि हँडलची पकड न सोडता ब्रेकपर्यंत बोटं पोहोचतात का, ते पाहा. बऱ्याचदा फक्त टोकं टेकतात. अशा हाताने दोन मिनिटं ब्रेक दाबला की बोटं भरून येतात आणि नेमकी उतारावर पकड सुटते. ब्रेकच्या दांडीला, हँडलकडच्या बाजूला, बहुतेक सायकलींत एक बारीक स्क्रू असतो. तो आत फिरवला की दांडी हँडलजवळ येते. मग वायर पुन्हा ताणून घ्या. पूर्ण दाबल्यावरही दांडी आणि हँडल यांच्यात दोन बोटांचं अंतर उरलं पाहिजे.

भाड्याच्या सायकलीची परीक्षा सोपी आहे. पुढचा ब्रेक दाबून सायकल पुढे ढकला, मागचं चाक उचललं गेलं पाहिजे. मागचा दाबून ढकला, चाक घासत गेलं पाहिजे, फिरता कामा नये. ब्रेकचं रबर रिमवरच टेकतंय ना, तेही बघा. टायरला घासत असेल तर टायर फाटतो. यात नापास झालेली सायकल बदलून मागा, संकोच नको.

चढ दिसला की आधीच हलका गिअर टाका. जोर लावताना गिअर बदलला तर चेन उतरते. पंक्चर झालंच, तर ट्यूबला पॅच लावण्याआधी टायरच्या आतून हळूच बोट फिरवून काटा शोधा. तो राहिला की पुन्हा तेच. सोल्युशन बोटाला चिकटेनासं झालं की मगच पॅच दाबायचा. मुलाची सायकल 20 इंची असेल तर त्याच मापाची जादा ट्यूब घ्या, मोठ्यांची तिला चालत नाही.

खाऊ बॅगेत बंद ठेवा. कॅरिअरला लटकलेली पिशवी माकडं सोडत नाहीत. बिबट्याचं जंगल आहे, तेव्हा मूल एकटं मागे राहू देऊ नका आणि उन्हं कलण्याआधी बाहेर पडा.

लेण्यांपाशी सायकली कुलूप लावून ठेवा. शंभराहून जास्त लेणी आहेत, कातळात कोरलेल्या पोढी, म्हणजे पाण्याची टाकी, मुलांना आवर्जून दाखवा.

उतरताना एक मोठं माणूस पुढे, मुलं मध्ये, एक मोठं मागे. पुढच्याला कोणी ओलांडायचं नाही. दोन्ही ब्रेक एकदम, थोडे दाबायचे, थोडे सोडायचे. वेग वळणाआधी कमी करायचा, वळणात नाही. कडेच्या वाळक्या पानांवर चाक सरकतं, म्हणून पानांपासून दूर राहा. पावसात रिम ओली असली की ब्रेक आधी पाणीच पुसतो, मग धरतो. तेव्हा दोन सायकलींतलं अंतर दुप्पट ठेवा. खाली सपाटी लागली की थांबा, आणि मागचं माणूस आल्याशिवाय पुढे निघू नका.