पूर्वेकडून वाळवंटाकडे : राजस्थान प्रवासाची आखणी

श्रोतेहो, नमस्कार.

जयपूर, जोधपूर, बिकानेर, जैसलमेर आणि उदयपूर अशी पाच शहरे आठ-नऊ दिवसांत बसवलेला कार्यक्रम कागदावर भरगच्च दिसतो. नकाशावर अंतरे मोजली, म्हणजे त्यातली खरी अडचण लक्षात येते. जयपूर ते जोधपूर सुमारे ३३५ किलोमीटर आणि तिथून जैसलमेर आणखी सुमारे २८० किलोमीटर आहे. जैसलमेरहून उदयपूर गाठायचे, तर जवळपास ५०० किलोमीटरची मजल मारावी लागते आणि एक संपूर्ण दिवस त्यातच संपतो. म्हणून मी आग्रहाने सांगेन, की तेवढ्या दिवसांत जयपूर, जोधपूर आणि जैसलमेर ही तीनच शहरे घ्यावीत. उदयपूर कुंभलगड आणि राणकपूर यांच्यासह पुढच्या वेळेसाठी राखून ठेवावे.

शहरांचा हा क्रमही जपावा. अरवलीच्या रांगा ओलांडून पश्चिमेकडे जावे तसा पाऊस कमी होत जातो, शेते विरळ होतात, खेजडीची झाडे एकमेकांपासून दूर उभी राहतात आणि अखेर वाळू सुरू होते. जोधपूरहून जैसलमेरला रात्रीच्या गाडीने गेल्यास मुक्कामाचा खर्च वाचतो हे खरे. परंतु हा बदल अंधारात निघून जातो. तो प्रवास दिवसाउजेडीच करावा.

जयपूरला दोन रात्री द्याव्यात. सवाई जयसिंह यांनी १७२७ मध्ये आखून वसवलेल्या या शहरात वेळेची निवड महत्त्वाची ठरते. हवामहलाचा दर्शनी भाग पूर्वाभिमुख असल्यामुळे तो सकाळच्या उन्हात पाहावा. जंतरमंतर या जुन्या वेधशाळेतील यंत्रे मात्र सावलीवर चालतात. सुमारे २७ मीटर उंच सम्राट यंत्राची, म्हणजे तिथल्या भव्य सूर्यघड्याळाची, सावली सरकताना डोळ्यांना दिसते आणि तिच्यावरून दोन सेकंदांपर्यंत अचूक वेळ वाचता येते. तिथे चांगले ऊन असताना जावे, सोबत जाणकार मार्गदर्शक घ्यावा आणि निदान दीड तास हाताशी ठेवावा. आमेरचा किल्ला दुसऱ्या दिवशी सकाळी पाहावा.

सलग तीन दिवस तीन किल्ले पाहिले, की झरोके आणि दिवाणखाने मनात एकमेकांत मिसळू लागतात. जोधपूरला, म्हणूनच, मेहरानगड या किल्ल्याला अर्धा दिवस द्यावा आणि त्या दिवशी दुसरी वास्तू घेऊ नये. संध्याकाळी किल्ल्याच्या फतेहपोल या दरवाजातून पायी उतरून निळ्या घरांच्या गल्ल्यांत निवांत फिरावे. इथेही दोन रात्री पुरतात.

जैसलमेरसाठी तीन रात्री हव्यात, आणि वाळूच्या टेकड्यांवर तंबूत काढायची रात्र त्यांतली मधली असावी. तसे केल्याने पोहोचल्याचा शीण उतरतो आणि परतल्यावर आंघोळ, विश्रांती व पटवा व्यापाऱ्यांच्या हवेल्या यांसाठी सवड मिळते. ११५६ मध्ये रावळ जैसल यांनी वसवलेल्या या पिवळ्या दगडाच्या किल्ल्यात आजही माणसे राहतात. पाण्याच्या वाढत्या वापरामुळे सांडपाणी जमिनीत मुरून त्याच्या पायाला धोका पोहोचला आहे. त्यामुळे आपला मुक्काम किल्ल्याबाहेर, खालच्या गावात ठेवावा, असे मला मनापासून वाटते.

सम या गावाजवळच्या वाळूच्या टेकड्या शहरापासून सुमारे ४० किलोमीटरवर आहेत. डिसेंबरात सूर्य सहाच्या आसपास मावळतो, म्हणून साडेतीनच्या सुमारास निघावे. तारीख ठरवताना पंचांग अवश्य उघडावे. अमावास्येच्या आसपास आकाश ताऱ्यांनी भरून जाते, तर पौर्णिमेला तारे फिके पडतात आणि वाळू उजळून निघते. आपल्याला काय हवे, ते आधी ठरवावे. माघ पौर्णिमेच्या सुमारास जैसलमेरला मरु महोत्सव असतो, त्या दिवसांत खोल्यांची सोय बरीच आधी करावी लागते. तंबूंच्या छावणीत रात्री ध्वनिवर्धक किती वाजेपर्यंत चालतो, हेही आगाऊ पैसे भरण्यापूर्वीच विचारून घ्यावे, कारण वाळवंटातली शांतता अनुभवण्यासाठीच तर आपण एवढे दूर आलेलो असतो.

दुपारी उबदार असलेली वाळू कोरड्या हवेत रात्री झपाट्याने थंड होते. लोकरीची टोपी, मोजे आणि जाड शाल एका लहान पिशवीत घ्यावी, मोठे सामान शहरातच ठेवावे आणि पहाटे उजाडण्यापूर्वी, टेकडीवर पावलांचे ठसे उमटण्याच्या आत, तंबूबाहेर पडावे.