सूक्ष्मदर्शकापाशी चार रॉबर्ट

पडद्यावर दिसणारी ही जाळी म्हणजे साध्या बुचाचा एक पातळ काप आहे. रॉबर्ट हूक यांनी तो वस्तऱ्यासारखी धार लावलेल्या चाकूने काढला, आणि काप पांढरट असल्यामुळे तो काळ्या तबकडीवर ठेवून, भिंगाने त्यावर प्रकाश एकवटून, सूक्ष्मदर्शकाखाली निरखला. १६६५ साली प्रसिद्ध झालेल्या ‘मायक्रोग्राफिया’ या ग्रंथात त्यांनी या जाळीतल्या कप्प्यांचे, म्हणजेच पेशींचे, केवळ चित्र दिले नाही, तर हिशेबही मांडला: इंचाच्या अठराव्या भागात सुमारे ६० कप्पे दिसतात, म्हणजे एका घन इंचात १,२५,९७,१२,००० कप्पे मावतात. हाच माणूस त्याआधी हवेच्या दाबावर प्रयोग करणाऱ्या रॉबर्ट बॉइल यांचा साहाय्यक होता, आणि त्या प्रयोगांतला निर्वात पंप त्यानेच घडवला होता.

पेशींचा इतिहास चाळताना ‘रॉबर्ट’ हे नाव असे वारंवार भेटते. युरोपात ते सर्रास ठेवले जात असे, तेव्हा त्यात गूढ शोधण्याचे कारण नाही. तरीही पेशीविषयीचे ज्ञान कसे वाढत गेले, हे या एका नावाचा माग काढत बरेचसे सांगता येते.

हूक यांना बुचात दिसल्या त्या मृत पेशींच्या भिंती. जिवंत पेशीच्या आत काय असते, याकडे लक्ष वेधले ते स्कॉटिश वनस्पतिशास्त्रज्ञ रॉबर्ट ब्राउन यांनी. ऑर्किडच्या पेशींत दिसणारा गोलसर ठिपका त्यांच्यापूर्वी इतरांच्याही नजरेस पडला होता. पण तो पेशीचा नेहमीचा घटक असावा हे ओळखून १८३१ मध्ये त्याला ‘केंद्रक’ हे नाव दिले ते ब्राउन यांनी. त्यांची अधिक प्रसिद्धी झाली ती १८२७ मधल्या निरीक्षणामुळे. परागकणांतले बारीक कण पाण्यात अखंड थरथरताना पाहून ते कण सजीव असावेत, अशी शंका कोणालाही आली असती. ब्राउन यांनी मात्र काचेची आणि दगडाची पूड, इतकेच नव्हे तर इजिप्तमधल्या स्फिंक्सच्या दगडाचा कणही पाण्यात टाकून पाहिला, आणि निर्जीव कणही तसेच हलतात, हे दाखवून दिले.

तिसरे रॉबर्ट सर्वांत कमी परिचित आहेत, आणि हा माझ्या मते इतिहासाचा अन्यायच आहे. रॉबर्ट रेमाक यांनी कोंबडीच्या भ्रूणातील रक्तपेशींचे विभाजन पाहिले, बेडकाच्या अंड्यांचे आवरण रसायनांनी कठीण करून विभाजनाचे टप्पे तपासले, आणि नवी पेशी ही आधीच्या पेशीच्या विभाजनातूनच निर्माण होते, हे १८५२ मध्ये मांडले. या सिद्धान्ताचे श्रेय मात्र बहुतेक पाठ्यपुस्तके तीन वर्षांनी तोच विचार मांडणाऱ्या रूडॉल्फ फिरशॉ यांना देतात. ज्यू धर्म सोडण्यास नकार दिल्यामुळे रेमाक यांना बर्लिन विद्यापीठात पूर्ण प्राध्यापकपदही कधी मिळाले नाही.

चौथे रॉबर्ट म्हणजे रॉबर्ट कॉख. त्यांचे पूर्ण नाव हाइनरिख हेरमान रॉबर्ट कॉख. म्हणजे या मालिकेत ते आले ते तिसऱ्या नावाच्या आधारे. एका लहान गावात सरकारी वैद्यकीय अधिकारी असताना, घरातल्याच प्रयोगशाळेत काम करून अँथ्रॅक्स हा रोग जिवाणूमुळे होतो, हे त्यांनी १८७६ मध्ये सिद्ध केले. क्षयाचे जिवाणू त्याहून अवघड होते, कारण ते सहजासहजी रंग धरत नाहीत. कॉख यांनी दोन रंग वापरून जिवाणू निळे आणि भोवतालची ऊती तपकिरी दिसेल अशी युक्ती साधली, आणि २४ मार्च १८८२ रोजी बर्लिनमध्ये आपला शोध जाहीर केला. १९०५ मध्ये त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. क्षयावरचा उपाय म्हणून १८९० मध्ये त्यांनी पुढे आणलेले ट्युबरक्युलिन औषध म्हणून सपशेल फसले. पण क्षयाचा संसर्ग झाला आहे का, हे तपासणाऱ्या त्वचाचाचणीत त्याचेच शुद्ध रूप आजही वापरले जाते.