त्रेपन्नात दहा मिळवले, सुट्या किती?

नमस्कार! मी सांगली जिल्ह्यात, तासगाव तालुक्यातल्या एका गावात पहिली-दुसरीच्या मुलांना शिकवते. आज एकाच गोष्टीवर बोलूया: दहा मिळवणं आणि दहा वजा करणं.

घरात दुसरीतलं मूल असेल तर विचारून बघा, "त्रेपन्नात दहा मिळवले तर किती?" बरीच मुलं बोटांवर सुरू होतात: चोपन्न, पंचावन्न, छप्पन्न... मधेच एक बोट चुकतं आणि उत्तर येतं बासष्ट. मग आपण म्हणतो, याचं लक्षच नाही. लक्ष पूर्ण असतं हो! पण त्याच्यासाठी त्रेपन्न म्हणजे त्रेपन्न सुट्या वस्तू. त्यातले पाच दशक त्याला अजून दिसलेलेच नाहीत.

ते दिसावेत म्हणून मी काड्या घेते. (काड्या कॅमेऱ्यासमोर धरून) या खराट्याच्या काड्या, बोटाएवढ्या कापलेल्या. दहा मोजायच्या, रबर लावायचं, झाला एक दशक. गठ्ठे तुम्ही बांधून देऊ नका, मुलालाच बांधू द्या. मधेच शंका आली तर ते रबर काढून पुन्हा मोजेल. मोजू द्या. तिसऱ्या-चौथ्या वेळी त्याचं त्यालाच वाटतं की आता सोडायची गरज नाही, यात दहाच आहेत. दहा रुपयांची नोट मी यानंतरच देते, कारण नोट सोडून आत बघता येत नाही.

आता पाच गठ्ठे, तीन सुट्या. त्यात एक गठ्ठा ठेवा आणि विचारा, "गठ्ठे किती झाले?" सहा. "आणि सुट्या?" इथे थांबा. उत्तर सांगू नका. मूल सुट्या काड्यांकडे बघेल आणि म्हणेल, "तीनच." हे 'तीनच' त्याच्या तोंडून आलं की पाटीवर ५३ आणि त्याखाली ६३ लिहा. एककाच्या घरातला ३ जागचा हललेला नाही, हे त्याला दाखवावं लागत नाही.

वजाबाकीत खरी गडबड होते. ६३ मधून २० काढ म्हटलं की काही मुलं ६१ लिहितात. त्यांनी २ पाहिला आणि सुट्या काड्यांतून दोन उचलल्या. यावर ६३ − २ आणि ६३ − २० ही गणितं शेजारी शेजारी द्या, दोन्ही काड्यांनी करून घ्या. एकदा दोन काड्या उचलायच्या, ६१. एकदा दोन गठ्ठे उचलायचे, ४३.

आता आपल्या संख्यानामांबद्दल. त्रेपन्न म्हणताना तीन आधी ऐकू येतो, लिहिताना मात्र पाच आधी. म्हणून मुलं ३५ लिहितात. २०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या गणितात 'वीस एक, वीस दोन' असं वाचन आलं, तेव्हा केवढा वाद झाला! माझं मत विचाराल तर दोन्ही म्हणून घ्या. गठ्ठे मांडताना 'पन्नास तीन', लगेच 'त्रेपन्न'. जुनी नावं टाकायची नाहीतच. दहा-दहा वाढवत मोठ्यानं म्हणा: त्रेपन्न, त्रेसष्ट, त्र्याहत्तर, त्र्याऐंशी, त्र्याण्णव. सुट्या तीन काड्या प्रत्येक नावाच्या सुरुवातीलाच ऐकू येतात.

१ ते १० आडव्या ओळीत, त्याखाली ११ ते २० असा शंभरपर्यंतचा तक्ता भिंतीवर असेल तर एक घर खाली म्हणजे दहा जास्त, वर म्हणजे दहा कमी. पण तक्ता काड्यांनंतर.

हे जमलं की ९४ अधिक १० द्या. दहा गठ्ठे होतात. त्या दहांना एक मोठं रबर लावा आणि विचारा, "हे किती?" आमच्याकडे कडबा शेकड्यानं विकतात, त्यामुळे 'शेकडा' हा शब्द मुलांच्या कानावर असतो. एक शेकडा, सुटा गठ्ठा एकही नाही, सुट्या चार. आता १०४ मधला तो शून्य कुठे लिहायचा, हे मुलाला ठरवू द्या.