घरचा प्रिंटर : शाईचा हिशेब आणि काचेचं मोल

नमस्कार श्रोतेहो.

शाळा सुरू व्हायच्या दिवसांत प्रवेशाचे अर्ज, दाखल्यांच्या प्रती आणि मुलांचे प्रकल्प एकदम अंगावर येतात, आणि घरोघरी एकच बोलणं सुरू होतं : आता आपणच एक प्रिंटर घेऊन टाकू या. दुकानात चार-पाच हजारांत छापणं, झेरॉक्स आणि स्कॅन अशी तिन्ही कामं करणारं यंत्र मिळतं. एवढ्या पैशांत एवढं सगळं मिळतंय म्हटल्यावर आपण ते उचलतो. पण या यंत्राची किंमत ही त्याच्याबद्दलची सगळ्यात कमी महत्त्वाची गोष्ट आहे, असं माझं ठाम मत आहे. खरा प्रश्न असा, की तुमच्या घरात महिन्याला किती पानं छापली जातात?

हिशेब सोपा आहे. कार्ट्रिजच्या, म्हणजे शाईच्या डबीच्या, खोक्यावर पानांचा आकडा असतो. समजा कार्ट्रिज साडेसातशे रुपयांचं आणि आकडा दीडशे पानांचा, तर कागद सोडून एक पान पाच रुपयांना पडलं. कोपऱ्यावरचा झेरॉक्सवाला तेच काम बहुधा याहून कमी पैशांत करून देतो. शिवाय तो आकडाही घरी क्वचितच गाठला जातो. आयएसओ या आंतरराष्ट्रीय मानक संस्थेच्या प्रमाण पद्धतीत ठरावीक नमुन्याची पानं सलग छापून तो काढतात. आपण आज दोन पानं छापतो, मग थेट पुढच्या आठवड्यात एक. मधल्या काळात यंत्र स्वतःची नळी साफ करायला थोडी थोडी शाई खर्च करत राहतं. नव्या यंत्राबरोबर येणाऱ्या कार्ट्रिजमध्ये तर पुष्कळदा शाईच कमी भरलेली असते. म्हणून यंत्राची किंमत विचारण्याआधी दुकानदाराला कार्ट्रिजची किंमत विचारा, आणि त्यावरचा पानांचा आकडा स्वतः वाचा.

शाई कागदावर पोचते कशी, हे ठाऊक असलं की पुढच्या बऱ्याच गोष्टी आपोआप उलगडतात. 1977 साली जपानमध्ये कॅननच्या प्रयोगशाळेत इचिरो एंडो या संशोधकाला एक गंमत दिसली. तापलेली सोल्डरिंगची कांडी शाई भरलेल्या सिरिंजच्या सुईला लागली आणि सुईतून शाईचा थेंब उडाला. त्या उडालेल्या थेंबातून एक सबंध तंत्र उभं राहिलं : बारीक छिद्रामागची शाई क्षणभर तापवायची, तिथे वाफेचा बुडबुडा होतो आणि तो थेंबाला बाहेर ढकलतो. दुसऱ्या तंत्रात उष्णता नसते. विजेचा दाब मिळताच आकार बदलणारा एक स्फटिक शाईला ढकलतो. तंत्र कुठलंही असो, छिद्रं केसाहून बारीक असतात आणि शाई पाण्यासारखी पातळ असते. यंत्र पडून राहिलं की तीच शाई छिद्रात वाळून बसते.

स्वस्त कार्ट्रिजच्या बऱ्याच यंत्रांत ही छिद्रं, म्हणजे हेड, कार्ट्रिजलाच जोडलेलं असतं. ते तुंबलं तर नवं कार्ट्रिज घातलं की काम भागतं. टाकीच्या यंत्रांत शाई बाटलीतून भरतात आणि पानाचा खर्च रुपयांवरून पैशांवर येतो, पण हेड यंत्रातच राहतं. ते तुंबलं की दुरुस्तीचं बिल मोठं येतं. म्हणून घरात शाळकरी मुलं असतील, शिकवणी असेल, रोज काही ना काही छापलं जात असेल, तर दुप्पट पैसे घालून टाकीचंच यंत्र घ्यावं. महिन्याला चार-पाच पानं, तीही काळी, एवढंच काम असेल तर लेसर प्रिंटर बरा. त्यात शाई नसून टोनरची पूड असते, आणि पूड वाळत नाही. फक्त पूड कागदावर वितळवताना तो खूप वीज ओढतो, त्यामुळे त्याला घरच्या इन्व्हर्टरवर लावू नका.

आता एक गोष्ट जरा लक्ष देऊन ऐका, कारण बरीच चांगली यंत्रं हिच्यामुळेच बिघडतात. शाईचा प्रिंटर नेहमी त्याच्या स्वतःच्या बटणानं बंद करायचा, भिंतीवरच्या बटणानं नाही. स्वतःच्या बटणानं बंद केलं की हेड सरकत एका कोपऱ्यात जातं आणि तिथल्या रबरी झाकणावर बसतं, म्हणजे छिद्रं झाकली जातात. भिंतीवरचं बटण दाबलं किंवा छापताना वीज गेली, तर हेड मधेच उघडं राहतं. विदर्भ-मराठवाड्यात एप्रिल-मे महिन्यांत काय कोरडी हवा असते, हे तिथल्या श्रोत्यांना सांगायला नको. अशी वीज गेली तर ती आल्यावर यंत्र एकदा चालू करा, हेड जागेवर जाऊ द्या आणि मग बटणानं बंद करा. शिवाय आठ-दहा दिवसांतून एखादं रंगीत पान छापत राहा. रेषा तुटक आल्या तर हेड क्लीनिंग एक-दोनदा करून थांबावं. त्या प्रत्येक सफाईत शाई वाया जाऊन आतल्या स्पंजात साठते, आणि तो स्पंज भरला की यंत्र काम थांबवतं.

कोकणात, मुंबईत, गोव्यात त्रास उलटा. पावसाळ्यात कागद ओल धरतो, दोन-दोन पानं एकदम ओढली जातात, कागद अडकतो. काम झालं की कागद ट्रेमध्ये ठेवू नका, वेष्टनात गुंडाळून कपाटात ठेवा. वायफायला यंत्र जोडलं जात नसेल तर राउटरवर 2.4 गिगाहर्ट्झचं वायफाय चालू आहे का ते तपासा, बरीच स्वस्त यंत्रं फक्त तेवढंच ओळखतात.

मग इतकं सगळं सांभाळून हे यंत्र घरात ठेवावं का? ठेवावं, आणि त्यातल्या काचेसाठी ठेवावं. झाकणाखालची स्कॅनरची ती काच हा या यंत्राचा सगळ्यात मोलाचा भाग आहे. तिला शाई लागत नाही. घ्यायच्या आधी एवढंच विचारा, की शाई संपल्यावरही यंत्र स्कॅन करू देतं ना, कारण काही यंत्रं अडून बसतात. आधार कार्ड, बँकेचं पासबुक, वैद्यकीय अहवाल हे सगळं आपण बाहेरच्या दुकानात व्हॉट्सअॅपवर पाठवतो आणि ते तिथल्या संगणकावर तसंच राहतं. घरच्या घरी ते काम झालं तर ही काळजी उरत नाही. नोकरीच्या अर्जांचंही तसंच. बँकांच्या भरतीसाठी आयबीपीएसच्या अर्जात फोटो 20 ते 50 केबीचा आणि सही 10 ते 20 केबीची लागते. पांढऱ्या कागदावर काळ्या शाईनं केलेली सही काचेवर ठेवून घेतली, तर मोबाईलच्या फोटोतली सावली तिच्यात येत नाही.

पण मला कळकळीनं सांगायचंय ते घरातल्या जुन्या कागदांबद्दल. ट्रंकेत घडी घालून ठेवलेलं आजोबांचं खरेदीखत, फेरफाराचा उतारा, मोडीतला एखादा दस्त, लग्नातले काळे-पांढरे फोटो. हे कागद घडीवर तुटत चाललेत, कसर लागतेय. यंत्राला वर फीडर, म्हणजे कागद आपोआप आत ओढणारा भाग, असेल तर त्यातून ते मुळीच ओढू देऊ नका, एकेक करून काचेवर ठेवा. स्वस्त यंत्रांतला स्कॅनर काचेला टेकलेलंच स्पष्ट टिपतो, किंचित वर उचललेला भाग धूसर येतो. म्हणून घडी आधी हलक्या हातानं उलगडा, कागद एक-दोन दिवस स्वच्छ कोऱ्या कागदांमध्ये वजनाखाली ठेवा, आणि मग काचेवर घ्या. कागद काळा-पांढरा दिसत असला तरी स्कॅन रंगीतच करा. काळ्या-पांढऱ्यात फिकट शाई नाहीशी होते, शिक्क्याखालची अक्षरं बुजतात. रंगीतमध्ये ती वेगळी दिसतात, आणि मोडी वाचणाऱ्या जाणकाराला नेमकं तेच हवं असतं. कागदांना 300 डीपीआय, म्हणजे एका इंचात 300 ठिपके, पुरे, छोट्या फोटोंना 600 ठेवा. अल्बममध्ये चिकटलेला फोटो ओढून काढू नका, जमेल तर अख्खं पानच काचेवर ठेवा.

फाईलला यंत्रानं दिलेलं आकड्यांचं नाव तसंच ठेवू नका. साल, गाव, कागद कशाचा आणि फोटो असेल तर माणसं कोण, हे नावातच लिहा. त्यासाठी आजी, काकू, आत्या यांच्यापैकी कुणाला तरी शेजारी बसवून घ्या. फोटोतल्या मागच्या रांगेतल्या माणसांची नावं त्यांनाच ठाऊक असतात. एक प्रत आपल्या संगणकावर ठेवा, दुसरी पेन ड्राइव्हवर घालून बहिणीच्या किंवा भावाच्या घरी द्या. स्कॅन झालं म्हणून मूळ दस्त टाकून देऊ नका, आणि टिकावा म्हणून लॅमिनेटही करू नका, कारण एकदा चिकटलेलं प्लास्टिक कागदाला इजा न होता निघत नाही. तो सपाट फाईलमध्ये, ओल आणि उन्हापासून दूर ठेवा.

नमस्कार.